पाणी प्यायच्या आधी

बाबा,

आज संध्याकाळी पाचपर्यंत यादी द्यायची आहे. तिच्यातलं एक नाव मी कागदावर खोडलंय, पण जिचं ते आहे तिला अजून सांगितलेलं नाही. सकाळचे सहा वाजलेत. आई फुलं काढायला अंगणात गेली आहे आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हे लिहिते आहे. तुम्ही कॅलेंडर लावायचात त्याच खिळ्याला आजही कॅलेंडर आहे, आणि तिथींपुढे पेन्सिलीने ओहोटीची वेळ मांडायची तुमची सवय मला लागली आहे. अमावास्येला सकाळी सहा, पुढे रोज पाऊण तास उशिरा. आज तृतीया. सव्वाआठच्या सुमाराला मांडवीची पुळण उघडी पडेल, मुली सरावाला येतील. तीही येईल.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे थोडं समजावून सांगावं लागेल. तुम्ही शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवायला घेतलात तेव्हा लोक म्हणायचे, "मास्तर, पोरींना लंगडी शिकवा, लंगडी." आता त्याच गावात मुलींचा क्लब आहे, मी त्याची कोच आहे, जिल्ह्यात सहा क्लब आहेत आणि हिवाळ्यात त्यांचे सामने होतात. पावसाळा संपला की सामने सुरू होईपर्यंत सगळा वेळ कोण राहणार, कोण जाणार, कोण शिकवणार यातच जातो. खेळण्यापेक्षा हे अवघड. एखाद्या श्रीमंत क्लबाने सगळ्या चांगल्या मुली उचलू नयेत म्हणून एक मर्यादा घातली आहे. प्रत्येकीच्या नावावर तिच्या अनुभवाप्रमाणे गुण असतात आणि संघातल्या सगळ्या जणींची बेरीज शंभराच्या वर जाता कामा नये. नियम चांगलाच आहे, तुम्हालाही पटला असता. फक्त त्याचा अर्थ असा होतो की जी सर्वांत जास्त वर्षं तुमच्याबरोबर राहिली, तीच सर्वांत जड होते.

आमची गोलकीपर चौदा गुणांची आहे. तुम्हाला ती आठवेल. तुमच्या शेवटच्या तुकडीतली, मांडवीची, दहावीत असताना बापाची लुंगी कापून गुडघ्याला बांधायची ती. आता पस्तिशीची आहे, लांजा गाडीवर कंडक्टर आहे. ड्यूटी लावून घेताना आधी ओहोटीची वेळ बघते. अकरा वर्षं आमच्या गोलात तिच्याशिवाय कोणी उभं राहिलेलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा उखडला आणि त्यानंतर ती उजवीकडे झेप घेत नाही. घेतेय असं दाखवते. गेल्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात दोन्ही गोल उजवीकडून गेले. प्रेक्षकांना वाटलं फटके जोरात होते. मला माहीत आहे, तिला माहीत आहे, आणि आता दुसऱ्या क्लबांनाही कळलं असणार.

लांज्याची एकोणीस वर्षांची एक मुलगी गोलात फार चांगली आहे. तिचे गुण चार. उरलेल्या दहांत जयगडची एक फॉरवर्ड येते, तिच्यासाठी तर तीन क्लब टपलेत. एक नाव काढलं की दोन येतात. आमचे अध्यक्ष आंब्याचे बागायतदार आहेत, कलमाची फांदी छाटावी तसं बोलतात. परवा म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरात काय ती ममता करा. चौदा म्हणजे चौदा." मग हळूच म्हणाले, "तुम्हाला जमत नसलं तर सांगा. कोल्हापूरचा एक कोच यायला तयार आहे. त्याची इथे कोणी ओळखीची नाही, त्याला सोपं जाईल." हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं की कीव म्हणून, अजून कळलेलं नाही. त्या रात्री मी खरंच विचार केला, येऊ दे की तो. मग वाटलं, तो ते नाव मोबाइलवर यादीत टाकून मोकळा होईल आणि ती गाडीत तिकिटं फाडताना वाचेल.

तुमची रीत वेगळी होती. यादी बोर्डावर लागायच्या आदल्या दिवशी तुम्ही सायकल काढायचात आणि जिचं नाव नाही तिच्या घरी जायचात. "बोर्डावर आपलं नसलेलं नाव कोणा पोरीने शोधू नये," म्हणायचात. आणि सांगायचं ते दारातच, पाणी प्यायच्या आधी. एकदा पाणी प्यायलं की आपण पाहुणे होतो, मग खुशाली विचारतो, मग पोहे येतात आणि मग जीभ उचलत नाही. मुलींना हे बरोब्बर कळलं होतं. सर आधी पाणी प्यायले तर तू संघात, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. आयांनाही कळलं होतं. मला आठवतं, मी लहान असताना तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून आले होते आणि त्या घरची बाई दारातच तांब्या घेऊन उभी होती, जवळजवळ तुमच्या तोंडाला लावत होती. तुम्ही दोन्ही हात मागे घेतलेत. "वहिनी, पाणी मागाहून. पोरीचं नाव नाही यंदा." ती बाई तांब्या तसाच धरून म्हणाली, "तहान लागली नव्हती तर आलात कशाला एवढ्या लांब?" मुलगी आत रडत होती. तुम्ही ती बाहेर येईपर्यंत उन्हात उभे राहिलात. मग तिला काय कमी पडलं ते सांगितलंत, एकही गोष्ट गोड न करता, आणि शेवटी पाणी मागून घेतलंत.

मी सतरा वर्षांची असताना जिल्ह्याचा संघ निघाला तेव्हा निवड तुमच्याकडे होती. सोळा जणी घ्यायच्या होत्या. त्या संध्याकाळी तुम्ही तिघींच्या घरी जाऊन आलात, सायकल अंगणातल्या चिऱ्यांच्या गडग्याला टेकवलीत, घरात येऊन पाणी प्यायलात, सुरमईची आमटी जेवलात, रेडिओवर बातम्या ऐकल्यात आणि झोपलात. दुसऱ्या दिवशी मी शाळेत बोर्डावर माझं नसलेलं नाव शोधलं. तीनदा. मी सतरावी होते. आठ दिवस आपण बोललो नाही. नवव्या दिवशी तुम्ही माझ्या ताटाशेजारी तुमची पितळी शिट्टी ठेवलीत आणि म्हणालात, "बारक्या पोरींना उद्यापासून तू घे." मी ती शिट्टी घेतली, पण सगळ्या गावाच्या पोरींच्या दारात जाणारे बाबा स्वतःच्या पोरीला सांगू शकले नाहीत, हे मी विसरले नाही. नवऱ्याला सांगितलंय, मैत्रिणींना सांगितलंय, एकदा तर शाळेच्या कार्यक्रमात माइकवर सांगितलंय. लोक हळहळतात.

काल दुपारी मी तिच्या घरी गेले. तिची सुटी होती. मी घरातूनच वाक्य ठरवून निघाले होते: यंदा तुझं नाव नाही. चार शब्द. मांडवीच्या गल्लीत वळेपर्यंत ते तोंडपाठ झालं होतं. ती दारातच होती, वाळत घातलेले बांगडे उलटत होती. मला बघितलं, हात परकराला पुसले आणि मी पायरीवर पाय ठेवायच्या आत आत जाऊन भांडं भरून आली.

"घे गो ताई. केवढं ऊन."

"नको, आधी—"

"आधी पाणी घे. मग बोल काय ते."

तिचा हात सरळ पुढे होता. उजवा. खांद्याच्या वर न जाणारा. मी पाणी प्यायले. मग तिच्या सासूने माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग तिने लांजा गाडीतल्या एका म्हाताऱ्याची नक्कल केली. तो रोज अर्धं तिकीट मागतो आणि विचारलं तर म्हणतो, "अर्धाच उरलोय." आम्ही पोट धरून हसलो. मग चहा आला. निघताना ती म्हणाली, "उद्या तृतीया. सव्वाआठ ना?" मी म्हटलं, "सव्वाआठ." घरी आले तर आई ओटीवर वाट बघत बसली होती. "झालं का सांगून?" मी चप्पल काढत राहिले. "पाणी प्यायलीस," आई म्हणाली. तिने विचारलं नाही, सांगितलं.

साडेसात झाले. जाते. सकाळपासून तोंडात थेंब घेतलेला नाही. हसू नका.

*

दुपारचा एक. वर लिहिलंय ते तसंच ठेवते.

ती सगळ्यांच्या आधी आली होती. गोलाचे दोन्ही बांबू तिनेच वाळूत रोवले होते आणि मधे उभी राहून हातमोज्यांच्या पट्ट्या दातांनी ओढत होती. समुद्र लांब गेला होता. मी चपला न काढताच तिच्यापर्यंत चालत गेले.

"यंदा तुझं नाव नाही."

तिने पट्टी दातांतून सोडली. थोडा वेळ माझ्याकडे नाही, माझ्या चपलांकडे बघत होती. मग म्हणाली, "कालच बोलायचीस."

"काल तू पाणी दिलंस."

"देणारच. सरांच्या पोरीला कोरडी ठेवते की काय मी?" ती हसली, आणि ते हसू मधेच थांबलं. "मला वाटलं एक दिवस तरी मिळेल. मिळाला."

मी काय कमी पडलं ते सांगायला लागले. तुम्ही सांगायचात तसं, गोड न करता. उजवा खांदा, ते दोन गोल, चौदा गुण. ती म्हणाली, "खांद्याचं मला सांगतेस? रोज केस विंचरताना कळतं ते मला." मग विचारलं, "लांज्याची पोर घेतलीस?"

"हो."

"उजवीकडे चांगली पडते ती." आणि थोड्या वेळाने, "पण पुढे धावून येत नाही. घाबरते. तिला सांग." मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने मोजा घातलेला हात वर केला. "तूच शिकव तिला, असं आज म्हणू नको हां, ताई. खरंच सांगते. आज म्हणालीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

मला तेच म्हणायचं होतं. अध्यक्षांशी भांडून मी सहायक प्रशिक्षकाची जागा तिच्यासाठी राखून ठेवली आहे. त्या जागेला गुण लागत नाहीत. पण ते शब्द मी गिळले. तुम्ही शिट्टी द्यायला नऊ दिवस थांबला होतात. का थांबलात ते आज कळलं.

मुली आल्या. मला वाटलं ती जाईल, दहाची गाडी होती तिची. पण ती गोलात जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "अगो, आज राहू दे." ती म्हणाली, "भरती लागेपर्यंत ही जागा माझी आहे." कोणाला काही सांगितलं नव्हतं. तरी मुलींना कळतं. पाऊण तास ती उभी होती. डावीकडचे सगळे अडवले. मग आमच्या सर्वांत लहान मुलीने, मुद्दाम की चुकून देव जाणे, उजवीकडे मारला. आणि ती पडली, बाबा. उजव्या अंगावर, पूर्ण लांब होऊन. बोटं लागली, चेंडू बांबूवर आपटून बाहेर गेला. ती उठली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता आणि हात पोटाशी धरला होता. मी धावले तर म्हणाली, "बघितलंस? पडता येतं. रोज नाही येणार, एवढंच." तोपर्यंत पाणी परत यायला लागलं होतं. पहिली लाट तिच्या टाचांपर्यंत आली, तशी तिने डाव्या हाताने एकेक बांबू उपटला, खांद्यावर टाकला आणि गाडी पकडायला निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली होती, ती तिने घेतली नाही.

घरी येऊन मी यादी पाठवून दिली. पाचची वाट बघितली नाही. आईने समोर तांब्या ठेवला आणि मी तो एका दमात संपवला.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, आणि पाठवायचं तरी कुठे? शिट्टीच्या डबीत घडी करून ठेवीन. पण वर मी एक गोष्ट जशी नेहमी सांगते तशीच लिहिली आहे, आणि ती तशी नाही. काल तिने भांडं पुढे केलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण ते माझं होतं. जिल्ह्याचा संघ निघाला त्या संध्याकाळी तुम्ही सायकल गडग्याला टेकवून उभे राहिलात, घरात आला नाहीत. स्वतःच्याच अंगणात, परक्यासारखे. मी ओटीवरून बघितलं आणि मला कळलं. मी आत धावले, तांब्या भरला आणि तुमच्या हातात कोंबला. तुम्ही "थांब, बाळा" म्हणालात. मी म्हटलं, "आधी पाणी प्या, बाबा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि प्यायलात. तुम्ही "थांब" म्हणाला होतात. मी ऐकलं होतं.