अठ्ठावीसनंतर एकेचाळीस

४ जानेवारी
सदतीस दिवस झाले! नवरा बंदराच्या यार्डात ट्रक घेऊन माल भरायच्या रांगेत उभा, आणि मी इथे तपासणी नाक्यावर दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या बिल्ट्यांवर शिक्के मारतेय. त्याचा नंबर एकेचाळीस. आज चौदावा ट्रक भरला. भरणी सुरू झाली ती गेल्या आठवड्यात, तीही दिवसाला तीनच. वाटेचे दोन दिवस धरले तर पंधरा तारखेआधी त्याचं तोंड दिसायचं नाही.

फोनवर म्हणाला, थंडी फार, पण तुझा स्वेटर आहे. तो स्वेटर! अंदाजाने विणलेला, एक बाही लांब — तरी अंगावेगळा करत नाही. इथे मी त्याची उशी उन्हात टाकते. उगीच.

७ जानेवारी
साहेबांनी नाक्यावर नव्या कायद्याची पाटी लावली. यार्डात महिन्यापासून आहे म्हणे. रांग मोडून आधी माल मिळावा म्हणून काहीही देणं-घेणं गुन्हा — पैसा, वस्तू, जेवणसुद्धा. ड्रायव्हरचं लायसन्स सहा महिने जप्त. बिल्टीवरचे रांगेचे नंबर मागेपुढे आले की साहेबांना कळवायचं काम माझं.

वाचता वाचता मनात आलं, कुणीतरी त्याला पुढे ढकलावं. मीच तपासनीस, आणि माझ्याच मनात चोर!

८ जानेवारी
फोन लागला नाही.

१० जानेवारी
एकोणतीस नंबरवाल्याची बायको फोनवर. "ताई, आमचे हे कधी पोचतील हो?" उद्या, म्हटलं. बिचारी इतकी खूश झाली की मलाच हेवा वाटला.

११ जानेवारी
अठ्ठावीसनंतर एकेचाळीस!

तो उतरला. नुसत्या शर्टात, दाढी वाढलेली, कुडकुडत. मला आधी रडू फुटलं, नंबर नंतर दिसला. स्वेटर कुठाय, विचारलं. यार्डातल्या मुकादमाला दिला.

"त्याला आवडला होता. मला घरी यायचं होतं."

तेवढ्यात फोन वाजला. एकोणतीसची बायको. तिला काय सांगू?

साहेबांना कळवलं. नाव, नंबर, स्वेटर — सगळं. तो शेजारी उभा होता, एका शब्दाने अडवलं नाही. इतकी वाट पाहिली आणि आला त्याच दिवशी मी त्याच्या पोटावर पाय दिला.

१२ जानेवारी
एकोणतीस पोचला.

१४ जानेवारी
लायसन्स जप्त. मुकादमावर खटला. स्वेटर पुरावा म्हणून सीलबंद — लांब बाहीसकट! घरात आम्ही दोघं जपून बोलतोय.

१५ जानेवारी
रांगेने आला असता तर आज आला असता. शेवटी विचारलंच, पाटी वाचली नव्हतीस का?

"माझ्या ट्रकसमोरच होती. रोज वाचायचो," तो भांडी पुसत म्हणाला. "सहा महिने घरी. आणि नाक्यावर तू. तू सोडणार नाहीस, खात्री होती."

एकोणतीसवाल्याची मात्र लाज वाटते म्हणाला. वाटू दे. मी रागावणार होते, पण हसू आलं. नवा स्वेटर विणायला घेतलाय. या खेपेला माप त्याच्या अंगावर घेते.