सारजाबाईची जागा

किन्हीराजा,
मे १९५६

प्रिय जमना,

अकोल्यात मेहरबींकडे तुझी नीट सोय झाली, असं रऊफ मास्तरांनी सांगितलं. आपल्या बायकोचं कौतुकही त्यांनी त्यातच उरकून घेतलं. परीक्षा जवळ आली. भाषा आणि गणित तू काढशील. काळजी तर्काच्या पेपरची आहे. ट्रेनिंगच्या शाळेत जागा थोड्या, आणि बऱ्याच मुली त्याच पेपरात गळतात.

पाच बायकांचा प्रश्न तू इथे पुन्हा पुन्हा चुकलीस, म्हणून तो परत लिहितो. पाच बायका ओळीत बसल्या आहेत. गंगाबाई मधोमध. कमळाबाई गंगाबाईच्या शेजारी नाही. विधवा सारजाबाई कमळाबाईच्या शेजारी आहे. तर सारजाबाई कुठे? आधी पाच चौकोन काढ. जे पक्कं आहे ते पहिल्यांदा बसव. गंगाबाई मधल्या चौकोनात. मग जे होऊच शकत नाही ते खोड. कमळाबाईला गंगाबाईचा शेजार नाही, म्हणजे तिला टोकच उरतं, डावं किंवा उजवं. सारजाबाई तिला लागून, म्हणजे त्या दोघींच्या मध्ये. तू दर वेळी सारजाबाईला टोकाला बसवलंस. कारण विचारलं तर म्हणालीस, ‘रांडमुंड बाई मधात कशी बसंन, भिया? बाकीच्या उठून नाही जातीन का?’ मी हसलो. मग हसू राहिलं नाही.

तांड्यातही जेवताना तू अशीच सरकत सरकत भिंतीला टेकायचीस. आपली याडी तुला दंडाला धरून चुलीजवळ ओढायची. ‘इकडं बस वो, भितीले जेवू घालतं का?’ चुडा उतरवल्यापासून तो दंड तुला स्वतःचा वाटत नव्हता, पण याडी तोच धरायची.

सारजाबाई विधवा आहे ही माहिती आहे, अट नाही. ज्या शब्दाने कुणाची जागा ठरत नाही, तो वाचायचा आणि सोडून द्यायचा. प्रश्नात नाही ते घरून आणायचं नाही.

दुसरं, ‘जर’ची वाक्यं. जर पूर आला तर नाव बंद. नाव बंद दिसली म्हणून पूर आलाच, असं होत नाही. नावाडी आजारी असेल. पण नाव चालू असेल तर पूर नाही, हे नक्की. आता आपल्या घरचं वाक्य घे. जर जमना तांड्यात परत आली, तर तिला दिराच्या घरात बसवायचं. तांड्याच्या नाईकासमोर तसं ठरलं. तुझ्या सासरचे लोक आले होते. थोरला गेला की त्याची बायको धाकट्याने घ्यायची, ही रीत. तुला विचारावं असं कुणाला सुचलं नाही. मी बोललो. बा म्हणाला, ‘मास्तर, तुही अक्कल शाळंत शिकव. माह्या मागं पोरगी कोनाच्या भरोशावर ठिवू?’ आवाज कडक नव्हता. ते ‘जर’चं वाक्य तू नावेच्या वाक्यासारखं उलटं करून बघ.

एखादा प्रश्न अडला तर त्याच्याशी बसून राहू नकोस. पुढे जा.

शेवटचं. एक खोटी अट धरली की सगळी मांडणी खोटी होते. वाशीमच्या बाजाराच्या दिवशी बा आणि तुझा दीर तुला तार करणार आहेत. ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ.’ रऊफ मास्तर उद्याच अकोल्याला घरी जाताहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो, म्हणजे ते तारेआधी पोचेल. जमना, याडी अत्यवस्थ नाही. याडी सोमवारी गेली. ताप उतरलाच नाही. मेलेल्या माणसासाठी तू परीक्षा सोडणार नाहीस, जिवंत आईसाठी सोडशील, असा त्यांचा हिशेब. शुद्धीत होती तोवर ती एवढंच म्हणत होती, ‘जमनीले बलावू नका. आली का तिले कोनी जाऊ देनार नाही.’ परीक्षा पार पडेपर्यंत तुला सांगू नये, असं मलाही वाटलं होतं. पण अट लपवून तुझ्यापुढे प्रश्न ठेवणं मला जमलं नाही. रडायचं ते आज रड. मेहरबींना सांग, त्या जवळ बसतील. इथे येऊ नकोस. इथे चुलीजवळ ओढणारं आता कुणी नाही, भिंत तेवढी आहे. आणि परीक्षेच्या खोलीत जागा निवडू दिली, तर मधल्या बाकावर बस.

इकडे राहिलेला, तुझाच भाऊ
हेमसिंग