बावीस वर्षांचा आवाज

प्रिय बडबडे,

परवा फोनवर तू तासभर तुझ्या साहेबांचं कौतुक केलंस, रविवारी त्यांना होकार कळवणार म्हणालीस, आणि वर आमच्या कार्टूनचा दाखला दिलास. त्यातला राजा तीनशे वर्षांचा, त्याची नायिका बावीसची, तरी ती जोडी घराघरात लाडकी. मग तू सव्वीसची आणि साहेब पन्नाशीचे, तर आईच्या पोटात का दुखावं? शिवाय तिचा आवाज तर मावशीच देते! हसू आलं मला. अगं, त्या तीनशे वर्षांच्या राजाचा आवाज देणारा तुझ्याच वयाचा आहे, आणि मी सत्तेचाळीसची. प्रेमाचे संवाद संपले की तो मला काकू म्हणतो.

राजाचा गुडघा एकदाही दुखत नाही, कारण ते चित्रकाराच्या हातात आहे. तीही दर भागात बावीसचीच. मागे एकदा तिचं रागावणं मी जरा पोक्त केलं, तर दिग्दर्शिकेने तिथेच थांबवलं. मोठी वाटतेय म्हणाली. मग पुन्हा घेतलं, चढ्या पट्टीत, शेवटी थोडं हसून. तिला तसंच रागावता येतं.

तुझे काका माझ्यापेक्षा तेवीस वर्षांनी मोठे. मीही तुझ्यासारखीच हट्टाला पेटले होते, आणि लग्नात माझ्याइतकं खूश कुणी नव्हतं. माणूस वाईट नाही गं. माझ्यावर हात उगारणं तर सोडच, कधी आवाजही चढवला नाही. फक्त ती कार्टून मालिका सुरू झाली तेव्हा एकदा लाडात येऊन म्हणाले, घरीही तशीच बोल ना. मी बोलले. गंमत वाटली मला. दुसऱ्या दिवशी साध्या आवाजात विचारलं, भाजी कुठली करू, तर पेपरातून मान वर झाली नाही. तिच्या आवाजात विचारलं, तेव्हा उत्तर आलं. तेव्हापासून या घरात तीच बोलते. दाराशी दूधवाला आला तरी तीच, कारण आतून ते ऐकत असतात. त्यांचे केस पिकले, दात गेले, त्याचं मला काही वाटत नाही. पण मला तेविसावं लागू देत नाहीत, त्याने जीव गुदमरतो. संध्याकाळी घसा सोलून निघालेला असतो. माझा आवाज मला ऐकू येतो तो फक्त स्टुडिओत, चहाच्या सुट्टीत.

तुझे साहेब तसेच असतील असं मी म्हणत नाही. पण होकार देण्याआधी त्यांच्याशी एकदा कडकडून भांड. आईशी भांडतेस तशी, नाक पुसत, घसा बसेपर्यंत. त्यानंतरही ते समोर बसून तुझं ऐकत असतील, तर खुशाल लग्न कर. आईला मी बघून घेते.

हे फोनवर सांगता आलं नाही, ते शेजारच्याच खुर्चीत होते. फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, मावशी, तू सुखात आहेस ना? आणि तुला लगेच उत्तर मिळालं, हो गं, खूप! किती गोड म्हटलं होतं, शेवटी थोडं हसूही होतं. तू म्हणालीस, बस, आता माझं ठरलं. बाळा, ते उत्तर तिचं होतं. मला विचारत असशील तर, नाही.

तुझीच,
मावशी