पाचवी-सहावीमधली रेघ

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांची गिटार सापडली. आधी खाली बस, मग पुढचं वाच. तीच ती, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची, काळी, सहा तारांची. घर बदलताना बाबांनी विकून टाकलेली. एका ऑनलाइन लिलावात आली आहे. दुकानात चष्म्याची भिंगं घासता घासता मी चार वर्षं असले लिलाव चाळतोय, हे तुला माहीत आहे. त्यावरून तू मला वेड्यात काढतेस, हे मला माहीत आहे. पण या खेपेला मी फोटोवर भिंग धरून पाहिलं. सूर कुठे आहे ते कळायला या गिटारीवर नुसत्या पांढऱ्या रेघा रंगवलेल्या असतात. हिच्यावर पाचव्या आणि सहाव्या रेघेच्या मध्ये एक जादा रेघ आहे. लाल, तिरकी.

ती मी कसा विसरेन? त्या शनिवारी क्लबात बाबांची कांडी त्या रेघेवर जाऊन थांबली, बेसूर झालं आणि सगळं सभागृह हसलं. रविवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी कान धरून कोपऱ्यात. आठ वर्षांचा होतो. मी नाही मारली रेघ, हे घसा फोडून सांगितलं, पण घरात उपद्व्यापी एकटा मीच. तू तर गुणाची.

बोली अजून माझ्या आवाक्यात आहे. लिलाव महिनाअखेर संपतो. एकदा तिला मांडीवर घेतलं की मी सुटलो. फोन कर म्हणत नाही. तुला ऐकू येत नाही आणि मला तू बोलू देत नाहीस.

भावोजींना नमस्कार. लोभ निदान लिलाव संपेपर्यंत तरी टिकव.

तुझा,
धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं, तेही नेमकं शेवटून. अठ्ठावन्नाव्या वर्षी हा कुणाला मांडीवर घेतोय, दत्तकाची आम्हाला खबरसुद्धा नाही, म्हणून रुसून बसले. त्यांना गिटार समजावण्यात माझे दोन पडदे शिवायचे राहिले.

आता माझं ऐक. लाल रेघा जगात पैशाला पासरी मिळतात. ती बाबांचीच कशावरून? आणि असली तरी जुनं उकरून काय हाती लागणार आहे? गिऱ्हाईकांकडे लक्ष दे. मागे तू एका बाईंना त्यांच्या नवऱ्याचा चष्मा दिलास, आणि त्यांना महिनाभर संसार छान दिसत होता, ते मी विसरलेले नाही. आणि हो, ती रेघ काही एवढी तिरकी नव्हती.

तब्येतीला जप, माया आहेच.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला. लिलाववाल्यांनी एक पारखी बोलावला. त्याने पांढरे हातमोजे घालून तीन दिवस ती रेघ पाहिली आणि अकरा पानी अहवाल लिहिला. त्याच्या मते ती कारखान्यानेच मारलेली आहे. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये एक गुप्त सूर आहे, तो फक्त त्या कारागिराला ठाऊक होता आणि ही जगातली एकमेव गिटार. तिरकेपणावरच दीड पान आहे.

झालं, संग्राहक तुटून पडले. दोघांनी तो सूर ऐकू आल्याचं लेखी कळवलंय. बोली आता माझ्या दुकानाच्या वर गेली आहे, फळ्या, काचा, मालकीचा गाळा धरून. ताई, बाबांच्या मागे मला त्यांचं काही नको होतं. फक्त ही हवी होती. ती आता कुणाच्या तरी काचेच्या कपाटात जाईल आणि कोणी वाजवणार नाही, याचं फार वाईट वाटतं.

दुसऱ्या कोणाला हे सांगवत नाही, म्हणून तुला लिहितो. राग धरू नकोस.

धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सोबत दुसरं पाकीट आहे. ते त्या पारख्याला पाठव. तू वाचलंस तरी चालेल, नाहीतरी वाचशीलच. त्यात एवढंच आहे की ती रेघ मी मारली. मावशीच्या नेलपॉलिशने. अकरा वर्षांची होते. मला वाटलं, दोन रेघांत फार अंतर पडलंय, बाबांना मध्ये टेकायला जागा हवी. मदतच करत होते मी. गुप्त सूर वगैरे काही नाही, बाटलीचा ब्रश फाटका होता म्हणून ती तिरकी आली.

तू कोपऱ्यात होतास तेव्हा मी समोर बसून चित्रं रंगवत होते. दोनदा तुला पाणी आणून दिलं, पण तोंड उघडलं नाही. नंतर दर वर्षी वाटायचं आता सांगावं, आणि दर वर्षी ते आणखी अवघड व्हायचं. पन्नास वर्षं झाली. मला तुझी माफी मागायची आहे, ती ही.

यापुढे माया ठेवायची की नाही ते तूच ठरव.

ताई

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने हाहाकार माजवला. त्यांनी रंग तपासून घेतला, नेलपॉलिशच निघालं. संग्राहक एका दिवसात पसार. ज्यांना सूर ऐकू आला होता त्यांनी कानाच्या डॉक्टरांचे दाखले धाडले. पारखी रजेवर गेला आहे. शेवटी बोली लावणारा एकटा मी उरलो, आणि गिटार मला एका साध्या चष्म्याच्या भावात मिळाली.

काल खोकं आलं. आत चिठ्ठी होती: आपल्या भगिनींच्या तक्रारीनुसार दोष विनामूल्य काढून दिला आहे. रेघ पुसली गं त्यांनी. मी तिला काळ्या दगडावरची समजत होतो, ती कापसाच्या एका बोळ्याने गेली. गिटार मांडीवर घेतली, बाबांची ती एकच धून वाजवली. कुठेच अडखळली नाही. परक्याची वाटली.

बाकी तुझ्या माफीचं म्हणशील, तर रेघ एवढी तिरकी नव्हती असं तू लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. ते पत्र घेऊन मी बराच वेळ दुकानात बसलो. आधी राग आला, मग हसू आलं, मग पाणी दोनदा आणलेलं आठवलं.

आता एक काम कर. रंग मला कुठेही मिळेल, पण चुकीची जागा फक्त तुला ठाऊक आहे. ये.

वाट पाहतो.

धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शुक्रवारी सकाळी पोचते. तसाच लाल रंग मिळेना, तीन दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानातली मुलगी विचारत होती, कोणत्या ड्रेसवर लावायचंय. काळ्यावर, म्हटलं. ब्रश चांगला निघाला, तो कात्रीने फाटका करून घेतलाय.

रेघ मारून झाली की तू धून वाजवायला बस. तुझ्याकडचा कोपरा झाडून ठेव आणि तिथे एक स्टूल ठेव, माझे गुडघे दुखतात. दिवेलागणीपर्यंत मी तिथे बसणार आहे, कान धरून. पाणी दोनदा दे.

तुझी,
ताई