टेप संपल्यानंतरची गोष्ट

बाल्टिमोर,
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय विनी,

अनेक आशीर्वाद. नाताळच्या कार्डावर तू सिएटलचा पत्ता लिहितेस आणि फोन नंबर लिहीत नाहीस. त्यातून जे समजायचं ते मी समजलो, म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक आहे. दुकान चालू आहे. टीव्ही आता कोणी दुरुस्त करून घेत नाही, बिघडला की नवा आणतात. पण घरोघरच्या जुन्या टेपा माझ्याकडे येतात. कुणाचं लग्न, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाच्या गेलेल्या काकाचं न संपणारं भाषण. बुरशी आलेली टेप उघडून, पुसून, पुन्हा चालती करणारा माणूस पश्चिम बाल्टिमोरमध्ये आता मी एकटाच. हे काम मला कोणी शिकवलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे; तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आईची तब्येत वयाच्या मानाने बरी. दारासमोरच्या पायऱ्या अजून स्वतः घासते. मी ब्रश घेतला तर म्हणते, "तू गोल घासत नाहीस, संगमरवराला ओरबाडतोस."

आता मुख्य बातमी. कोपऱ्यावरचं आपलं जुनं थिएटर पुन्हा सुरू झालं. मधली कित्येक वर्षं तिथे गाद्यांचं दुकान होतं. वस्तीतल्या बायकांनी मिळून ते सोडवलं, खुर्च्या बसवल्या, आणि काल पहिला खेळ लावला. कुठला सिनेमा? ओळख. 'पांढऱ्या पायऱ्या'.

हो. तोच.

तुला आठवतं का, आपण कसे सिनेमे बघत मोठे झालो ते? दर शुक्रवारी संध्याकाळी दादांच्या कामावरचा कोणी ना कोणी 'तुझ्या पोरांसाठी' म्हणत त्यांना टेप आणून द्यायचा. तो बर्फाची गाडी चालवणाऱ्या दोन भावांचा सिनेमा होता, त्यात न्यूयॉर्कचा उन्हाळा इतका खरा होता की आई उठून खिडकी उघडायची, बाहेर हिमवर्षाव असला तरी. लाँड्रीत एका दिवसात घडणारा होता, त्यातली जाडी म्हातारी म्हणजे हुबेहूब मिसेस टिलमन, हे तूच पहिल्यांदा ओळखलंस आणि मिसेस टिलमनना जाऊन सांगितलंस, आणि मार माझ्या वाट्याला आला. चाकांच्या बुटांवर नाचणाऱ्या पोरांचा होता. तो बघून दादा स्वयंपाकघरात तुझे स्केट घालून उभे राहिले आणि फ्रिजचं दार घेऊन खाली आले.

पण त्याहून मला आठवतो तो पहिला धक्का. पडद्यावर एक बैठकीची खोली दिसली. सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण, भिंतीवर अंत्यविधी करणाऱ्या कंपनीचं फुकट कॅलेंडर, टीव्हीवर लेसचा रुमाल. मी मागे वळून आपली खोली बघितली, मग पुन्हा पडदा बघितला. तोवर मला वाटायचं, सिनेमात असतात ती घरं, आणि आपण राहतो ती जागा. तू तेव्हा एवढीशी होतीस. तू विचारलंस, "हे लोक आपल्याकडे कधी येऊन गेले?" कोणी हसलं नाही.

'पांढऱ्या पायऱ्या' तर आपल्याच शहरातला. थिएटरात तो जेमतेम आठवडाभर टिकला होता. दादांच्या मित्राकडे शहराबाहेर काउंटीत केबल टीव्ही होता, तिथे जाऊन दादांनी टेप भरून आणली. आता दुकानात बसून मी गिऱ्हाइकांना समजावतो की यंत्राला दोन गती असतात. संथ गतीने भरलं तर चित्र पिठूळ येतं, पण सगळं मावतं. जलद गतीने चित्र स्वच्छ येतं, पण टेप लवकर संपते. दादा म्हणाले, आपल्या शहराचा सिनेमा आहे, धुरकट नको. या एल्बर्ट गॅस्किन्सच्या घरी चित्र स्वच्छच हवं. म्हणून त्यातली नायिका अर्लीन आईशी भांडून घर सोडते ते स्वच्छ दिसलं, दूरच्या गावातल्या डबाबंद मासळीच्या कारखान्यातला तिचा हिवाळा स्वच्छ दिसला, ती बसमधून उतरते, कोपरा वळते, तिला त्या धुतलेल्या पायऱ्या दिसतात, तेही आरशासारखं. आणि तिथे टेप संपली. खर्रर्र, आणि काळे-पांढरे ठिपके.

आपण दोघं केवढ्याने रडलो होतो. मग आई हात पुसत आत आली आणि म्हणाली, "एवढं काय? पुढचं मला माहीत आहे."

ती आणि दादा थिएटरात बघून आले होते. तेव्हापासून दर वेळी खर्रर्र सुरू झालं की ती चुलीपुढून यायची, टीव्हीचा आवाज बंद करायची आणि शेवट सांगायची. अर्लीन पायऱ्या चढते. दार ठोठावायच्या आत आईच दार उघडते. काही विचारत नाही. कुठे होतीस नाही, का गेलीस नाही. टेबलावर ताट मांडते. आणि ताटात काय असायचं? शुक्रवारी तळलेला मासा. पगाराच्या आधीच्या आठवड्यात नुसता भात आणि चवळी. एकदा थँक्सगिव्हिंगला टर्की. आपल्या चुलीवर जे असेल तेच अर्लीनच्या ताटात. किती वर्षं मी चकित होत राहिलो, की सिनेमावाल्यांना आपल्या घरी आज काय शिजतंय हे कळतं कसं! मोठा झाल्यावर युक्ती कळली, पण अचंबा गेला नाही. उलट वाढला.

तर काल. सगळी वस्ती ईस्टरला निघावी तशी नटून आली होती. आईने जांभळी हॅट घातली आणि पर्समध्ये फॉइलमध्ये गुंडाळून तळलेले चिकन विंग्ज घेतले. मी म्हटलं, तिथे खायला मिळतं. म्हणाली, "मिळतं ते खाणं नव्हे." आम्ही मधल्या रांगेत बसलो. आमच्या पुढच्याच रांगेत आपल्या चर्चच्या सिस्टर प्रुइट होत्या. मी जागा बदलायला निघालो तर आईने माझी बाही धरली. "बस. पळायला मी काही चोरलेलं नाही."

दिवे गेले आणि माणसं पडद्याशी बोलायला लागली, जशी आपल्याकडे बोलतात. अर्लीन बॅग भरायला लागली तर एक बाई ओरडली, "कोट घे गं, तिकडे थंडी आहे." कारखान्याच्या मुकादमाला तर एवढ्या शिव्या बसल्या की तो पडद्यात असून बरा वाटला. मी आपला बारकावे बघत होतो. बसवर जो नंबर आहे ती बस त्या रस्त्याने कधीच गेलेली नाही, हे माझं जुनं म्हणणं कायम आहे. पण पायऱ्या घासतानाचे हात मात्र अस्सल. गोल. आणि ते सगळं एवढं मोठं, विनी. आपण एका वीतभर काचेत बघितलेलं जग भिंतीएवढं. अर्लीनच्या घरातल्या कॅलेंडरवरचा महिनासुद्धा वाचता येत होता.

अर्लीन बसमधून उतरली. कोपरा वळली. पायऱ्या दिसल्या.

आमच्या घरात जिथे खर्रर्र व्हायचं, नेमकं तिथे आई बोलायला लागली. मोठ्याने. चुलीपुढून आल्यासारखी. "आता ती पायऱ्या चढते," ती म्हणाली. "ठोठावायच्या आत आई दार..."

आणि थांबली.

मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "सांगा मदर, पुढे काय?" (चर्चमध्ये आईला आता सगळे मदर म्हणतात.) आपल्या चर्चमधल्या दोघी-तिघी बायका म्हणाल्या, "सांगा, मदर गॅस्किन्स." प्रवचनात एखाद्याचा शब्द अडला की म्हणतात ना, तसं.

आई म्हणाली, "मी दार उघडलं नाही."

पडदा चालू होता आणि पडद्याकडे कोणी बघत नव्हतं. आई पुढे म्हणाली, हळू, पण त्या थिएटरात हळू काहीच राहत नाही, "माझी पोर दोन बॅगा घेऊन दारात आली. आत चर्चच्या बायका बसल्या होत्या. मला लाज वाटली त्यांची. मी म्हटलं, तुझं घर तिकडे, नवऱ्याकडे. आणि दार लावलं."

तो दहा वर्षांपूर्वीचा मार्च महिना, चर्चच्या बायकांची ती बैठक, हे सगळं मला तेव्हा दुकानातून आल्यावर कानावर आलं होतं. आईच्या तोंडून मी ते काल पहिल्यांदा ऐकलं.

सिस्टर प्रुइट वळल्या. तुझी सासू, रँडलची आई. त्या दिवशी आपल्या सोफ्यावर मधोमध बसलेली. अंधारात मला त्यांच्या चष्म्याच्या काचा तेवढ्या दिसल्या. मी मनात म्हटलं, आता ही बाई सगळ्यांसमोर माझ्या आईचं काय करते कोण जाणे.

त्या म्हणाल्या, "ओडेसा, माझा मुलगा कसा होता हे मला ठाऊक होतं. मी तिथे बसून चहा पीत राहिले."

एवढंच. मग पर्समधला रुमाल काढून, मागे न बघता, त्यांनी तो आईकडे धरला. आईने तो घेतला.

खरा शेवट मी एका डोळ्याने बघितला, तो तुला कळवायला हवा. अर्लीन पायऱ्या चढते, दारावर तळहात ठेवते, आणि ठोठावत नाही. आत तिची आई स्वयंपाक करते आहे, रेडिओ मोठ्याने लागलेला आहे. अर्लीन वळते, परत बस थांब्यावर जाते. आईला काही कळतच नाही. संपलं. आपल्या आईला हे पहिल्यापासून माहीत होतं. तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि घरी येऊन दोन रडणाऱ्या पोरांना वेगळंच सांगितलं होतं, आणि पुढे इतकी वर्षं सांगत राहिली, एकदाही न चुकता. मी सिनेमातलं बरंच काही जाणतो असं मला वाटायचं.

दिवे लागले तरी कोणी उठेना.

गाडीत आईने हॅट काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "त्या पोरीने ठोठावायला हवं होतं." सिग्नल पडला. "आणि त्या बाईने एवढ्या मोठ्याने रेडिओ कशाला लावायचा?"

बुधवार, १२ नोव्हेंबर

पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं. सोमवारी जायला जमलं नाही, काल सैनिक दिनाच्या सुट्टीने टपाल बंद होतं, त्यामुळे ते दोन दिवस दुकानात पडून राहिलं, आणि मला त्यातलं एक वाक्य टोचत राहिलं. दुकानात मी कोणाला खोटं माप सांगत नाही, मग तुला कसं सांगू?

आईची तब्येत बरी नाही. पायऱ्या ती ऑगस्टपासून घासत नाही, मी घासतो, गोल. हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. येत्या वीस तारखेला, गुरुवारी, ऑपरेशन आहे. डॉक्टर भला माणूस आहे, आशा मोठी देत नाही, काढूनही घेत नाही. आईने मला बजावलं होतं, "विनीला सांगायचं नाही. घाबरून येईल. घाबरून आलेली मला नको." म्हणून रविवारी मी सिनेमाबद्दल एवढं लिहिलं आणि याच्याभोवती फिरत राहिलो. पण शनिवारनंतर तुला यायला घाबरण्यावाचून दुसरंही एक कारण आहे असं मला वाटतं, आणि ते तुझ्यापर्यंत पोचल्यावर मग हे सांगायला हरकत नाही. क्रम मी मुद्दाम ठेवला. पहिली पानं आधी वाचली नसलीस तर आता वाच.

तू चुकलीस की ती, यावर मी बोलणार नाही. तू रँडलच्या घरातून बाहेर पडलीस ते बरंच केलंस, हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगतो. प्रुइटांच्या घरी आता रँडलची आईच ते सांगते आहे.

हे लिहीत असताना आई स्वयंपाकघरात आली. मला कागद लपवायला वेळ मिळाला नाही. समोरच्या खुर्चीत बसली, शेजारच्या पाकिटावरचं तुझं नाव वाचलं. मला वाटलं, आता कागद हिसकावून घेणार. तिने साखरेचा डबा उगाच सरळ केला. म्हणाली, "सिएटलला रोज पाऊस असतो म्हणतात."

मी म्हटलं, असतो.

"मग ती केसांचं काय करते तिकडे? तिचे केस पावसात कधी टिकले नाहीत. विचार तिला."

मी म्हटलं, विचारतो. ती उठून गेली.

तर विचारतो आहे. आईने तुझ्याबद्दल विचारलेला हा दहा वर्षांतला पहिला प्रश्न आहे, विनी. याचं उत्तर कृपा करून पत्राने पाठवू नकोस.

तुझा भाऊ,
थॅडियस