पहिलं शील

दौंड,
रविवार, १९ जानेवारी २०२५

माझ्या विनूला आजीचा जय भीम आन् गालावरून हात.

इकडं समदी बरी हायती. सत्तावीस तारखेला तू सुटणार, हे भंतेजींनी सांगितल्यापासून माझं गुडघं दुखायचं थांबलंय. विहाराच्या मागची खोली मी काल धुऊन काढली. तिथंच राहायचं तू. जेलातनं सुटून आलेली दोन पोरं तिथं हायतीच. त्यातलं यवतचं लई घोरतंय, पर भाकरी बायकांच्या वरताण थापतंय. कुरकुंभला कंपनीत पॅकिंगच्या कामाला भंतेजींनी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. शिफ्टचा डबा मी देईन. तुझी बहीण करुणा म्हणली, "आजी, एवढी नाचू नको, पडशील." म्हणलं, पडू दे.

करुणाच पत्र लिहून देत होती. मी न्हाई म्हणलं. प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरं हायती, समजून घे. जेलातलं साहेब आधी वाचत्यात म्हणं. वाचू देत.

तुझं मागचं पत्र पोचलं. भंतेजी जेलात वंदना घेत्यात तवा पंचशीलातली चार तू म्हणतोस आन् पहिलं सोडतोस. हत्या करणार न्हाई असं खोटं कसं म्हणू, हनुमंत मामानं पोलीस आणलं, त्याला सोडणार न्हाई, असं लिहिलंस. करुणानं वाचून दाखवलं. मी हसले. म्हणलं, पोरगं खोटं तरी बोलत न्हाई. मग दोन दिवस घास उतरला न्हाई.

दारातल्या शेवग्याला औंदा लई शेंगा लागल्यात. मामाला आता डोळ्यानं कमी दिसतंय. तुझ्यासाठी चादर दिलीय त्यानं, निळी. स्वतः येत न्हाई.

विनू, पोलिसांना मामानं सांगितलं न्हाई.

त्या पोराला, माऊलीला, जिवं मारून तू मांडवगणला मामाच्या उसात लपलास, तवा मी डबा घेऊन यायची. तिसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन घरी आले, तर दारात कुशाबाई बसलेली. माऊलीची आई. रडत नव्हती. डब्याकडं बघून म्हणली, "तुझा जेवला का?" एवढंच. मी घरात गेलेच न्हाई. डबा हातात तसाच, चौकीत जाऊन सांगितलं.

मामाला सगळं ठावं हाय. मीच त्याच्या पाया पडले हुते. म्हणलं, पोराला माझ्याबिगर कोण न्हाई, तुझं नाव राहू दे. सात वर्षं त्यानं तुझ्या शिव्या खाल्ल्या आन् मी तुझी माया घेतली.

काल भंतेजींना सांगितलं. म्हणलं, "आजी, तो फाटकाबाहेर पाय टाकायच्या आधी तुमच्या हातानं कळू द्या."

तर सत्तावीसला भंतेजी तुला फाटकावरनं आणतील. मी मेथीची भाजी घेऊन विहारात बसीन. आधी माझ्यासमोर बस. पहिलं शील मी म्हणीन. माझ्यामागं म्हण नायतर म्हणू नको, जेवायला वाढीनच. पर मामाच्या वाटेला जायचं न्हाई. तो राग माझा हाय, माझ्याकडंच घेऊन यायचा.

डबा आणणारी आन् पोलीस बी आणणारी,
तुझी आजी
साखरबाई