संहिताचं कन्नड

व्हाइटफील्ड, बेंगळूरु
६ जुलै २०२५

ती. स्व. अंबूआत्यास,
रविकिरणचा कृ. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं तुला नको असतात, म्हणून हे पत्र. बातमी चांगली आहे. मला आयर्लंडला बोलावून घ्यायला संहिताने जो अर्ज केला होता, तो मंजूर झाला. व्हिसा हातात आहे. ऑगस्टअखेरपर्यंत तिकडे उतरलो नाही तर तो बाद होईल. कॉर्कच्या औषध कंपनीत ती प्रयोगशाळेत लागली, त्याला वर्ष होत आलं. अशा वेळी लोक पेढे वाटतात म्हणे. मी अजून तिकीटही काढलेलं नाही.

तुला खरं सांगतो. तिच्या प्रयोगशाळेत मंजुनाथ नावाचा दावणगेरेचा एक प्राणी आहे. रोज आपल्या गाडीतून तिला कामावर नेतो, परत आणतो. गाडीत त्याची बायकोही असते म्हणे. असेल. पण परवा फोनवर संहिताने मला जेवण झालं का ते चक्क कन्नडमध्ये विचारलं! आत्या, लग्न झाल्यापासून आठ वर्षं ही कऱ्हाडची बाई बेंगळुरात माझ्याबरोबर राहिली. रिक्षावाला, भाजीवाली, गॅसवाला, सगळ्यांशी मी बोलायचो. थोडं म्हणायला ‘स्वल्प’ आणि बरं म्हणायला ‘सरी’, यापुढे तिची मजल गेली नाही. आणि आता तिकडे बसून कन्नड बोलते, तेही त्याने शिकवलेलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. झालं जेवण, असं मराठीत सांगून मी फोन ठेवला.

जावंसंच वाटत नाही. डोळ्याला जप. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
रविकिरण


देवनहळ्ळी
१४ जुलै २०२५

चि. रविकिरण यास,
अंबूआत्याचे अ. उ. आ.

डोळ्याला जप म्हणतोस, तर ऐक. तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी संहिताचं पत्र आलं. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सारखं पुढे का जातंय, रवी त्यासाठीच थांबलाय, डॉक्टर बदलायचा का, असं बिचारी विचारते. अरे चोरा! ऑपरेशन मे महिन्यात झालं. तूच मला घेऊन गेला होतास. आता मी सुईत दोरा ओवते. माझ्या डोळ्यामागे लपून बसलास होय? मी तिला खरं ते कळवलं आहे. म्हातारीच्या नावावर खोटं खपवायचं तर आधी तिला विचारावं तरी.

आता त्या मंजुनाथाचं. आठ वर्षं तू शिकवलं नाहीस, आणि शिकवणाऱ्यावर चिडतोस. चोराच्या उलट्या बोंबा! तुझी आई लग्न होऊन साताऱ्याहून इथे आली. अण्णा, माझा भाऊ म्हणून सांगत नाही, देवमाणूस होता. पण वहिनीला त्याने कन्नड शिकू दिलं नाही. मी आहे ना, म्हणायचा. बायकोने मागे उभं राहावं आणि आपण चार लोकांत बोलावं, हे त्याला आवडायचं. तो गेल्यावर वहिनी भाजीवालीपुढे बोट दाखवत उभी असायची. तू कॉलेजात होतास, पिशवी धरून बरोबर जायचास, आणि घरी येऊन माझ्याजवळ रडला होतास. मग स्वतःच्या बायकोला तसंच कसं ठेवलंस?

मंजुनाथाचा हेवा थोडा असेल. खरा हेवा तुला संहिताचाच वाटतो. ती बोलायला लागली, आणि तिथे गेल्यावर तिच्या मागे तुला उभं राहावं लागेल, हे तुझं दुखणं आहे. स्वल्प विचार कर.

माझा लोभ आहेच. तो आटायच्या आत तिकीट काढ.

तुझी,
अंबूआत्या


कॉर्क
२८ जुलै २०२५

प्रिय रवी,
नवऱ्याला काय मायना लिहितात ते आठवेना, म्हणून स. न. वि. वि.

फोनवर आपण भांडतो, म्हणून मीही कागद घेतला. आत्यांचं पत्र पोचलं. ऑपरेशनचं वाचून इतका राग आला की प्रयोगशाळेत दोन नमुने चुकीच्या थाळीत घातले. तू येणार म्हणून मी दोनदा रजा बदलून घेतली. आता नाही मागणार. ऑगस्टमध्ये तू आला नाहीस तर मी पुन्हा अर्ज करणार नाही, रवी. धमकी नाही ही. मी दमले.

तू कशावरून चिडलास तेही आत्यांनी लिहिलं, पण मला कन्नड मंजुनाथने शिकवलेलं नाही. त्याला वेळ कुठे आहे! त्याची आई इथे आली आहे. तिला कन्नडशिवाय काही येत नाही, दिवसभर एकटीच असते. संध्याकाळी मी तिच्याजवळ बसते. मी चुकले की ती हसते आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावते. तू मला चुकूच द्यायचा नाहीस. माझं वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचं तू बोलायचास, आणि रिक्षावाला तुझ्याकडे बघायला लागायचा.

जेवण झालं का, हे विचारायला मी आठवडाभर घोकत होते. वाटलं, तू खूश होशील. तू फोन ठेवलास.

इथली माणसं फार भरभर बोलतात. तुझ्या ऑफिसच्या इंग्रजीचा पहिले काही दिवस उपयोग होणार नाही, माझ्याही इंग्रजीचा झाला नव्हता. पण तुझ्या वतीने मी बोलणार नाही. बेकरीत गेलो की मी दाराबाहेर थांबेन. पाव तू मागायचास. कितीही वेळ लागू दे.

रागावले आहे, तरी लोभ आहे. तुझा असेल तर ये.

संहिता


व्हाइटफील्ड, बेंगळूरु
१३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. अंबूआत्यास,
रविकिरणचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस तुझा राग आला. मग राजीनामा दिला. साहेबांनी इतक्या चटकन मोकळं केलं की त्याचंही वाईट वाटलं. परवा संहिताचं पत्र आलं आणि त्याच दिवशी तिकीट काढलं, चोवीस तारखेचं. त्याआधी रविवारी तुला भेटायला येतो.

काल तिला फोन केला आणि कन्नडमध्येच बोलायला लागलो. तीही कन्नडमध्येच बोलली. अडखळत होती. दोनदा शब्द माझ्या ओठांवर आला. मी गिळला. तिने तो शोधला, सापडला, आणि पुढे गेली. अर्धा तास आम्ही बोललो. लग्नानंतर पहिल्यांदाच, आत्या.

पण तुझ्यापासून लपवत नाही. ती बोलते ते आपलं बेंगळूरचं कन्नड नाही. दावणगेरेचा हेल आहे त्याला, मंजुनाथच्या आईने शिकवलेला. त्या म्हातारीसारखी ती वाक्याचा शेवट लांबवते, आणि तिच्या तोंडी ते गोड लागतं. मी म्हटलं, आपल्याकडे असं म्हणत नाहीत. ती हसली आणि म्हणाली, मी असंच म्हणते. आठ वर्षं तिच्या जिभेवर माझा हेल बसू शकला असता. आता जन्मभर ती मला हाक मारणार, ती त्यांच्या हेलात.

निघताना आशीर्वाद दे, आणि तुझ्या लोभातला थोडा तिच्यासाठी बरोबर पाठव.

तुझा,
रविकिरण